कौसल्याबाई आणि पार्टी

आत्या, माझ्या हाताची हळद लॅपटॉपच्या बटणांना लागतेय. सकाळीच हळद झाली, उद्या लग्न. हळद लागलेल्या नवरीनं उंबऱ्याबाहेर जायचं नाही, कामाला हात लावायचा नाही, असा तुझ्या मैत्रिणीचा, ताराचा हुकूम आहे. तुझ्यामागं सगळ्यांवर हुकूम सोडायचं काम आता ताराकाकूनं घेतलंय. खाली अंगणात पंगत बसलीय, दादांचा, तुझ्या भावाचा, आवाज चढलाय, कुणीतरी परत मठ्ठा मागतंय. मी वरच्या खोलीत दार लोटून बसलेय आणि कुणी विचारलं तर नवरी झोपलीय असं सांगायला आईला बजावलंय. आज जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला उद्या मांडवात उभं राहवणार नाही.

तू जाऊन महिना होत आला. सकाळी शेवंती तोडायला गेलीस आणि वाफ्यातच बसलीस ती बसलीसच. दशक्रियेला गोदाकाठी दोघातिघांनी तुझ्याबद्दल बोलून घेतलं. कष्टाळू होती, मायाळू होती, अडल्यानडल्याला धावून जायची. खोटं त्यात काहीच नव्हतं, पण ही कुठली बाई ते मला कळेना. माझी आत्या पत्त्यांत लबाडी करायची आणि पकडली गेली की डावच उधळून द्यायची. माझी आत्या फुलबाजारात व्यापाऱ्याशी भांडून झालं की त्याच्याच हातचा चहा पिऊन यायची. त्या सगळ्या भाषणांमध्ये तू एकदा तरी मध्येच ओरडून कुणाला गप्प करशील असं मला वाटत राहिलं.

माझ्या लग्नाची तारीखही तूच धरलीस. बैठकीत निफाडच्या पाहुण्यांना तू सरळ सांगून टाकलंस, "माझ्या भावाची एकुलती एक लेक हाय. हिच्या हळदीला डीजे लागणार नाय. गाणी मी म्हणणार." मुलाच्या मामांचाच डीजे होता. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं आणि तू निवांत पोह्यांवरचं खोबरं वेचून खात बसलीस.

तारीख तू धरलीस आणि तूच पाळली नाहीस. याचा मला राग आहे, तो आधी सांगून मोकळी होते. दादा म्हणाले होते, लग्न पुढं ढकलू. तुझा गणेशच म्हणाला, "नाय मामा. आईनं धरलेली तारीख हाय. ती हलवली तर मला सपनात येऊन हाणंल." मग ठरलं तसंच राहिलं. फक्त हळदीला म्हणणारं कुणी राहिलं नाही.

तुला सांगू, पहिले काही दिवस मला रडू कमी यायचं आणि कान जास्त दुखायचे. म्हणजे दुखायचे असं नाही, पण कुठंही बांगड्या वाजल्या की मान वळायची. तुझा आवाज हवा होता मला, बाकी काही नको होतं. मोबाइल सगळा शोधला. फोटो पुष्कळ होते. आवाज एकही नव्हता, कारण तुला आवाजी निरोप पाठवायला शिकवलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "समोर माणूस नसताना मी काय भिताडाशी बोलू का?"

मग मी काम करते त्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानातले जुने व्हिडिओ काढले. आपल्या मखमलाबादची कुठली हळद आम्ही शूट केली नाही? प्रत्येकीत तू आहेस. मांडवाच्या मधोमध, एक हात वर, बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, तोंड उघडं. आणि त्यावर कुठलं तरी सिनेमातलं गाणं. कारण आमच्या धंद्यात तसंच करतात, मूळ आवाज काढून टाकायचा आणि वरून गाणं चढवायचं. त्यातली कितीतरी मीच चढवलीत. माझ्याकडे तू गाताना एवढी आहेस आत्या, आणि एकदाही ऐकू येत नाहीस.

राहिली ती कॅसेट.

तिची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण अर्धीच ऐकली होती हे मला आत्ता कळलं. पंचवटीत एका गाळ्यात कुणीतरी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला होता आणि त्याला हळदीच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. तुझं नाव कुणीतरी सुचवलं. मी तेव्हा शाळेत होते. तू, ताराकाकू आणि तुमच्या नेहमीच्या तिघी, नव्या साड्या नेसून, दादांच्या फुलांच्या टेम्पोत मागे बसून गेलात. ओळ तू पुढं म्हणायचीस आणि या चौघी ती मागं म्हणायच्या, हीच तुमची रीत. तुझी ओळ संपायच्या आत त्या ती उचलायच्या आणि त्या म्हणेपर्यंत तू पुढच्या ओळीसाठी दम घ्यायचीस. पण स्टुडिओवाल्यानं सांगितलं की माइक एकच आहे, खोली एवढीशी आहे, मागची ओळ कीबोर्ड वाजवेल. झालं. पार्टी बाहेर बसली आणि तू आत गायलीस. कॅसेटवर फोटो छापला तो कुठल्याशा गोऱ्या मुलीचा, हातात हळदीचं ताट धरलेल्या. आणि खाली नाव, 'कौसल्याबाई आणि पार्टी'.

तू हे सांगायला लागलीस की आम्ही पोट धरून हसायचो. "पार्टी कुठं हाय त्याच्यात? पार्टी पायरीवर भेळ खात होती," म्हणायचीस.

पण त्या कीबोर्डवरून आपलं कधी जमलं नाही. मी म्हणायचे, तुझी एवढी गोड ओळ संपते आणि मागून रिव्हर्स घेणाऱ्या टेम्पोसारखं ट्यँऽव ट्यँऽव सुरू होतं. तू म्हणायचीस, "वाजंत्रीबिगर लगीन असतं का, येडे?" आणि गावात कुणाच्या हळदीला डीजेवाल्यानं ती कॅसेट लावली की तू पदर सावरत "लावलं का ह्यांनी परत" असं पुटपुटायचीस आणि बरोब्बर स्पीकरशेजारी जाऊन उभी राहायचीस. ते सोंग कुणापासून लपलं नव्हतं.

मला मात्र तुझ्या पार्टीत यायचं होतं. कितीदा म्हटलं, मला मागं म्हणायला घे. सगळी गाणी मला पाठ होती. तुझं एकच उत्तर, "कुवारणीचं काम नाय ते. आधी लगीन कर." बरं, मग माझ्या हळदीत म्हणू का? तर तेही नाही. "नवरीनं आपल्या हळदीत तोंड उघडायचं नसतं. हळद जाती तोंडात." असलं शास्त्र कुठून आणायचीस कोण जाणे.

रविवार कारंजावरच्या आमच्या दुकानात तू फुलबाजार आटोपून यायचीस, रिकाम्या पाट्या दाराशी ठेवायचीस आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत मालकिणीसारखी बसायचीस. आमचे खरे मालक उभे राहायचे. तसंच एकदा मी एका लग्नाचं काम करत होते. पाठवणीच्या वेळी नवरीची आई लेकीच्या कानात काहीतरी सांगत होती आणि मागे बँड वाजत होता, त्यामुळे काही म्हणता काही कळत नव्हतं. नुकतंच ते एआयचं टूल आलं होतं आमच्याकडे. गाणं असो की शूटिंगचा आवाज, त्यात टाकायचा, जरा थांबायचं, की माणसाचा आवाज एका फाइलमध्ये आणि वाजप दुसऱ्या फाइलमध्ये. मी टाकलं. बँड गेला आणि ती आई रडत रडत म्हणताना ऐकू आली, "गॅसवर दूध ठेवून कुठं जात जाऊ नको बाई."

तू हसता हसता खुर्चीतून घसरायची बाकी होतीस. मग डोळे पुसून मला म्हणालीस, "म्हंजी सुपात पाखडल्यावानी हाय की हे. दाणं इकडं, फोल तिकडं."

"तसंच."

"मंग ह्याच्यात फोल कोण? बँड का बाई?"

"फोल कुणी नाही गं. दोन्ही ठेवतात."

"दोन्ही ठेवायचंय तर पाखडायचं कशाला?"

 पण खेळ तुला आवडला. रोज आलीस की हे गाणं पाखड, ते पाखड, ह्या बाईला बाहेर काढ, आता नुसती ढोलकी ऐकव. मग एकदा मी म्हटलं, "आता तुझी कॅसेट टाकू. तो टेम्पो काढून टाकते आणि नुसती तू."

तू माझ्या हातावर हात ठेवलास. थट्टेत ठेवलास असं मला वाटलं, पण हात चांगलाच दाबून धरला होतास.

"माझं नको."

"का?"

"मला एकटीला काढू नको, मने. बाई एकटी गायला लागली की त्याला रडणं म्हणत्यात."

मी वाद घातला. तुझा आवाज त्या कचऱ्यात पुरलाय म्हटलं, लोकांना खरी कौसल्याबाई कळू दे म्हटलं. तू उठलीस, नेहमीसारखा माझ्यासाठी आणलेला गजरा टेबलावर ठेवलास आणि पाट्या उचलून निघालीस. त्यानंतर हे भांडण आपलं रोजचंच झालं. शेवटच्या वेळी मीही हट्टाला पेटले आणि म्हणाले, "एक दिवस तुला मी काढणारच." तू दारातून वळून म्हणालीस, "काढ. मंग बघ."

तर काढलं मी. तू नको म्हणाली होतीस, ते मला चांगलं आठवत होतं. पण तू नाहीस आणि तुझा आवाज त्या कॅसेटमध्ये आहे, एवढं माहीत असताना मी किती दिवस हात बांधून बसणार होते? दादांच्या कपाटातून कॅसेट आणली. लोकांच्या जुन्या कॅसेटी उतरवून द्यायला दुकानात एक डेक ठेवलाय, त्यावर ती उतरवून घेतली. मालक जेवायला गेले होते. टूलमध्ये फाइल टाकली आणि स्क्रीनवर पुढे सरकणाऱ्या पट्टीकडे बघत बसले.  तू दारात पाट्या घेऊन उभी आहेस आणि आता ओरडणार, असंच वाटत होतं.

पहिल्यांदा वाजपाची फाइल उघडली, धीर होईना म्हणून. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आणि काय असेल सांग बरं? तुझ्या बांगड्या. तू गाताना मनगट हलवून ठेका धरायचीस ना, त्या खळखळीला मशीननं वाद्य समजून वाद्यांत टाकलं होतं. मी एकटीच खो खो हसले. बाकी काही असो, मशीनला तुझ्या बांगड्यांची किंमत कळली.

मग दुसरी फाइल.

आत्या, केवढी तरुण होतीस गं तू. मला तुझा आवाज आठवत होता तो बिडी न पिताही बिडी पिणाऱ्यासारखा झालेला, बाजारात ओरडून ओरडून रापलेला. ही कुणीतरी दुसरीच, ओल्या मातीतून चालत आल्यासारखी. कुठंकुठं मशीननं तिच्या ओळींची टोकं खाल्ली होती, कुठं आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. पण तूच होतीस. *पिवळं झालं अंगण माझं, उंबऱ्याला सांगा.* मी डोळे मिटून घेतले.

आणि पुढे काहीच नाही.

मागच्या ओळीची जागा होती ना ती. तिथला कीबोर्ड मी काढून टाकला होता आणि बाया तर तिथं कधी नव्हत्याच. कॅसेटची खरखरही मशीननं ठेवली नव्हती. मग तू पुढची ओळ म्हटलीस, *झेंडू फुलला बांधावरती, पाटाला सांगा,* आणि परत थांबलीस. परत काही नाही. प्रत्येक ओळीनंतर तू थांबत होतीस, अगदी चौघी बाया ती ओळ म्हणतील एवढा वेळ, आणि कुणी म्हणत नव्हतं, आणि तरी तू पुढची ओळ म्हणत होतीस. मला ऐकवेना. तू म्हणाली होतीस ते तसंच्या तसं खरं होतं. तुझी जिरवायला गेले आणि माझीच जिरली. हेडफोन काढून ठेवावा म्हणून हात कानाकडे नेला होता, तेवढ्यात शेवटचं कडवं आलं. *लेक निघाली दुसऱ्या घरा, वाटेला सांगा.* तू थांबलीस. आणि त्या रिकाम्या जागेत, अगदी हळू, दात आवळून, आमच्या घरात प्रत्येकानं ज्या सुरात तुझा ओरडा खाल्लाय त्या सुरात तू म्हणालीस,

"म्हणा की गं."

मी तेवढंच परत परत ऐकलं. हसू येत होतं, रडू येत होतं, नाक गळत होतं. मालक जेवून आले आणि माझा अवतार बघून बाहेरच्या बाहेर पान खायला गेले. इतकी वर्षं हे त्या ट्यँऽव ट्यँऽवच्या खाली दबून पडलं होतं. गावात शंभर मांडवांत ती कॅसेट वाजली आणि कुणालाही ते ऐकू आलं नाही. पण मला कळेना, तू कुणाला म्हणत होतीस? खोलीत तर तू एकटी होतीस.

ताराकाकूकडे गेले. ती ओट्यावर झेंडूच्या माळा करत होती. मी काही न सांगता तिच्या कानात इअरफोन घातले आणि शेवटचं कडवं लावलं. सुई हातातल्या हातात थांबली.  मग इअरफोन काढून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "अगं बया. ती हे म्हणत होती व्हय?"

"म्हणजे? तुम्ही तर पायरीवर होतात ना? भेळ खात?"

"भेळ नंतर खाल्ली. तवा आम्ही काचेच्या अलीकडं होतो. मधी काच, पलीकडं ती. त्या मशीनवाल्यानं आम्हाला दम देऊन बसवलं होतं, हूं का चूं करायचं नाय म्हणून. ती आमच्याकडं बघून म्हणायची, अन् आम्ही तोंडाला पदर लावून गप. लय अवघड झालं बाई. इतक्या सालाची सवय, ओळ आली की तोंड आपोआप उघडायचं. शेवटच्या कडव्याला कौसीनं आमच्याकडं बघून असा हात हलवला. ओठ हलले. काचेतून ऐकू थोडंच येतं? मला वाटलं, घसा सुकला, पाणी मागती."

"मग?"

"मग काय, मी पळत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. ती बाहेर आली तर मी पाणी घेऊन उभी. माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, अन् उभ्या उभ्या समदं पाणी पिली. बोलली काय नाय." ताराकाकूनं पदरानं तोंड पुसलं. "जलमभर बोलली नाय. अन् मी जलमभर सांगत फिरले, की बघा, मीच वळखलं तिला पाणी पाह्यजे म्हणून."

तू का सांगितलं नाहीस गं तिला? राग राहिला होता, की तिच्या हातातला तांब्या बघून दया आली? मला एकटीला काढू नको म्हणालीस ते हे कुणाला ऐकू येऊ नये म्हणून, की रिकाम्या जागा ऐकू येऊ नयेत म्हणून? हे मी तुला तोंडावर विचारलं असतं तर तू काहीतरी खोचक बोलून उठून गेली असतीस, हेही मला माहीत आहे. तरी विचारायला मिळायला हवं होतं.

मी म्हटलं, काकू, तिनं नको म्हटलं होतं आणि मी काढलं. आता काय करू, पुसून टाकू?

"नको काय म्हणली होती? नीट सांग."

"मला एकटीला काढू नको म्हणाली होती."

ताराकाकूनं सुई परत उचलली. "मंग एकटी कुठं ठेवायची तिला? आम्ही चौघी अजून जित्या हाय." आणि माळ पुरी करून मला म्हणाली, "हळदीला आण तिला."

दादांनी साफ नकार दिला. तुझ्या भावाला तू ओळखतेस. गेलेल्या माणसाचा आवाज शुभकार्यात नको, पाहुणे काय म्हणतील, एखादी बाई घाबरली तर काय करायचं. असं सगळं एका दमात बोलून झाल्यावर ते मळ्यात निघून गेले. मीही चिडले. म्हटलं, मग डीजे लावा, निफाडच्या मामांना फोन करा. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. आई मधल्यामध्ये दोघांना वेगवेगळं वाढत होती.

मग परवा दुपारी दादा दुकानात आले. आजवर कधी आत न आलेला माणूस, टेम्पो बाहेर उभा करून चप्पल काढून आत आला. हातात पिशवी. माझ्या शेजारच्या, तुझ्या खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. पिशवीतून साडी काढली, आत्याच्या मानाची, हिरवी. दिवाळीतच तुला विचारून घेऊन ठेवलेली ती. खण होता, नारळ होता, हळदीकुंकवाची पुडी होती. ती साडी त्यांनी माझ्या कॉम्प्युटरसमोर ठेवली, त्यावर खण, त्यावर नारळ. स्क्रीनला कुंकू लावायला निघाले तेव्हा मी म्हटलं, दादा, त्याला नको, साडीला लावा.

"बोलावल्याबिगर यायची नाय ती," ते म्हणाले. "लय मानाची हाय. कुठं काय कमी पडलं की आयुष्यभर काढंल." मग दुसरीकडे बघत, नाक ओढत म्हणाले, "चल. आत्याला घेऊन जाऊ."

मी त्यांना तेव्हाही तुझा आवाज ऐकवला नाही. ते मागत होते, पण मी म्हटलं, मांडवातच ऐका.

आता सकाळचं सांगते, ज्यासाठी लिहायला बसले. मांडवात माझा पाट, शेजारी दुसरा पाट, त्यावर तुझी हिरवी साडी आणि तिच्यावर छोटा स्पीकर. पाहुण्यातल्या एकदोघींनी एकमेकींकडे बघितलं. ताराकाकूनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्या हळदीच्या वाटीत बघायला लागल्या. तुझ्या चौघी नव्या साड्या नेसून आल्या होत्या. गुडघे धरत, एकमेकींना सावरत समोर बसल्या. तुझ्या बांगड्यांची फाइल मी तुझ्या आवाजाखाली हळू लावून ठेवली होती, कीबोर्डच्या मधूनमधून त्या जेवढ्या सुट्या मिळाल्या तेवढ्या वेचून. तुला उघड्या हातांनी मांडवात कसं आणणार?

तुझी पहिली ओळ आली. गणेश खांबाला टेकून उभा होता तो तसाच खाली बसला. पण बायांना ओळ उचलायला क्षणही लागला नाही गं. *सांगा गं सांगा, उंबऱ्याला सांगा.* आवाज चिरके झालेत त्यांचे, एकीला दम लागतो, एकीला आता दात नाहीत. पण जागा बरोब्बर भरली, काठोकाठ. तू थांबत होतीस ते या बायांसाठी थांबत होतीस, आणि आता तू थांबलीस की त्या होत्या. पुढच्या ओळीला पाहुण्या बायाही म्हणायला लागल्या. *हळद आणली आत्याबाईनं, मांडवाला सांगा.* तेव्हा आई माझ्या गालाला हळद लावत होती आणि तुझ्या साडीकडे बघता बघता तिनं अर्धी हळद माझ्या मानेलाच लावली. दादा मांडवाच्या दाराशी पाण्याच्या पिंपाजवळ उभे होते, आमच्याकडे पाठ करून. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, तुझ्या शास्त्राप्रमाणे.

शेवटचं कडवं आलं. *लेक निघाली दुसऱ्या घरा, वाटेला सांगा.* ताराकाकूनं तोंड उघडलं आणि तिला ते जमलंच नाही. तोंडाला पदर लागला. ती थांबली तशा बाकीच्या थांबल्या, त्या थांबल्या तशा सगळ्याच.  दुकानात ऐकली होती तीच रिकामी जागा परत उघडी पडली, काचेपलीकडे तू आणि अलीकडे पदर लावलेल्या या.

"म्हणा की गं," तू म्हणालीस.

या वेळी पाणी आणायला कुणी उठलं नाही. ताराकाकूनं तोंडावरचा पदर काढला आणि जोरात, जवळजवळ ओरडून, तुला ती ओळ दिली. चौघींनी दिली, आईनं दिली, दाराशी पाठ करून उभ्या असलेल्या दादांनीसुद्धा, आपल्या फाटक्या आवाजात.

आणि मी दिली, आत्या. मीही मागं म्हटलं. हळद गेली तोंडात, तू म्हणायचीस तशीच. कडू असते गं.